घोडी तेवढी राहू द्या

आचलचं लग्न मोडल्यावर हेमराजने एकेकाला फोन करून सगळं रद्द केलं. मंगल कार्यालय, आचारी, मांडववाला, बँड. प्रत्येक फोन त्याने दुकानामागच्या गोदामात, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभं राहून केला, कारण घरून केला असता तर तो पोरीच्या कानावर गेला असता. आर्वीच्या बाजारओळीत त्याचं कापडाचं दुकान. आसपासच्या कितीतरी लग्नांचा बस्ता तिथेच फाटायचा. येणारी प्रत्येक बाई आधी हळहळायची आणि मग शालू दाखवा म्हणायची. हेमराज दोन्हीला मान हलवायचा.

मुलगा नागपूरचा होता. पत्रिका वाटून झाल्या, आणि मुलाच्या काकाचा फोन आला की मुलाचं मन तयार नाही. पुढे ना कारण, ना भेट. आचल त्या दिवशी पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवसापासून गप्प झाली. सावंगीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची नोकरी होती. लग्नासाठी घेतलेली रजा तशीच पुढे चालू राहिली. ती जेवायची, भांडी घासायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण घर सुनं झालं होतं.

एकदा जेवताना हेमराज बायकोला, सुलोचनाला, हळूच म्हणाला, "हिंगणीच्या तानबाले सांगाचं राह्यलं. घोडीचं."

"त्याले मी सांगतलं," आचल मध्येच बोलली.

"काय सांगतलं?"

"वरात नाई म्हटलं. पण घोडी तेवढी राहू द्या. त्या दिवशी मी येतो बसाले. दिवसभर. डोंगरातून फिरवून आणा म्हटलं."

सुलोचनाची पोळी तव्यावरच राहिली. "अवं, ज्या दिवशी लग्न होतं त्याच दिवशी? लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणूनच राह्यले, आई."

हेमराजने पाण्याचा घोट घेतला. आचल एकटी डोंगरात जाणार, दिवसभर, आणि तेही नेमकी त्या तारखेला, हे त्याच्या घशाखाली उतरेना. "मंग मी पण येतो," तो म्हणाला.

"तुमी? दुकानासमोरून बैल गेला तरी तुमी आत सरकता."

"तरी येतो."

"या," आचल म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्या दिवशी सकाळी दोघं दुकानाच्या व्हॅनमधून हिंगणीला पोचले तेव्हा तानबाच्या अंगणात जनावरं तयार उभी होती. तानबा साठीचा, सडपातळ, डोक्याला लाल दुपट्टा. वरातीत घोडी नाचवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. पांढरी मैना ही त्याची मानाची घोडी. तिच्यासाठी लांबलांबून लोक तारखा धरत. दुसरी कोयल, तपकिरी आणि वयाने लहान. तिसरा एक बुटका टट्टू, तो तानबाच्या स्वतःच्या बसण्याचा.

"पोरगी कोयलवर बसन," तानबा म्हणाला. "हेमराजभाऊ, तुमी मैनावर. मोठी समजूतदार आहे. बँड वाजल्याबिगर हालत नाई."

"डोंगरात कायचा बँड?" हेमराज म्हणाला.

"मंग झालं तर!"

आचल रिकिबीत पाय टाकून एका झटक्यात वर गेली, जणू रोजचंच आहे. हेमराजचं तसं नव्हतं. तानबाने पाण्याची टाकी गाठून घोडी तिला खेटून उभी केली, हेमराज टाकीच्या कठड्यावर चढला, देवाचं नाव घेतलं आणि तिच्या पाठीवर पोत्यासारखा पडला. मैनाने मान वळवून एकदा पाहिलं, पण तक्रार केली नाही.

तानबाने त्यांना जंगलखात्याच्या हद्दीत नेलं नाही. वाघाच्या राखीव जंगलाची कड सोडून, शेताशेतांतून डोंगरावर चढणारी जुनी पांदण त्याने धरली. फेब्रुवारी सरत आला होता. गहू पिवळा पडायला लागला होता, तूर कापून झालेल्या वावरात नुसते बुडखे उरले होते. एका बगिच्यात संत्र्यांची तोड चालू होती, तोडणाऱ्या बायांनी घोड्यांची रांग पाहून हात थांबवले आणि एकीने ओरडून विचारलं, "नवरदेव कुठी राह्यला जी?" हेमराजने आचलकडे पाहिलं. तिने फक्त कोयलला टाच दिली.

पांदण संपली तशी सागाची झाडं लागली, पानं गळालेली. घोड्यांच्या टापांखाली वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती. मधेच एखादा पळस, अंगभर पेटलेला. हेमराजचं मात्र त्या फुलांकडे लक्ष नव्हतं. त्याच्या मांड्या घासून निघत होत्या आणि डोळे पुढच्या तपकिरी घोडीवर होते. आचलची निळी ओढणी झाडाआड गेली की त्याचा श्वास अडकायचा, दिसली की सुटायचा. गेले कित्येक दिवस तो घरातही हेच करत होता.

चढणीच्या वरच्या टोकाला तानबा टट्टूचं खोगीर आवळायला थांबला. "पुढं पठार आहे. तिथून धरणाचं पाणी दिसते. बसू तिथं," तो म्हणाला. आचल थांबली नाही. कोयल वळण ओलांडून गेली.

हेमराजने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग त्याने मैनाला जमेल तसं हाकललं आणि वळणापलीकडे पोचला, तर कोयल एका मोहाच्या झाडाखाली एकटीच चरत होती. तिच्या पलीकडे पठार संपत होतं, आणि त्या काठावर, जिथून खाली दरीच होती, आचल पाठमोरी उभी होती.

"आचल!"

तो घोडीवरून उतरला असं म्हणता येणार नाही. एक पाय रिकिबीत अडकला, दुसरा हवेत गेला, आणि हेमराज पाठीवर आपटला. मैना जागच्या जागी थांबली म्हणून निभावलं. तरी तो रांगत, धडपडत पुढे निघालाच. आचल धावत आली.

"बाबा! लागलं काय? काऊन उतरले तुमी?"

त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट की तिच्या बांगडीची किनार त्याच्या तळहातात रुतली.

"तिथं काऊन उभी होती तू?"

"पाणी पाहून राह्यली होती, बाबा."

खाली खरंच बोर धरणाचं पाणी पसरलं होतं, उन्हात चकाकत. हेमराज तिथेच मातीत बसला. शर्टाची बाही फाटली होती आणि कोपर खरचटलं होतं. आचलने पिशवीतली बाटली काढून जखम धुतली, रुमाल बांधला. रोज परक्या माणसांच्या दंडावर पट्टा बांधणारे तिचे हात हे कामही अगदी सफाईने करत होते. बांधून झाल्यावरही ती उठली नाही.

"माह्या खोलीची कडी तुमी काढली ना?" तिने विचारलं.

"ढिली झालती ते..."

"ढिली नव्हती. गच्चीच्या दाराले कुलूप लावलं. आई माह्या खोलीत झोपते, तिच्या खोलीत गरम होते म्हणून. फेब्रुवारीत."

हेमराजने कोपरावरच्या रुमालाची गाठ उगाच चाचपली. मांडीजवळ मुंग्यांची रांग चालली होती. "मले भेव वाटते, बेटा," तो शेवटी म्हणाला.

"कायचं?"

ते त्याला तोंडातून काढता येईना. दुकानात दिवसभर बोलणारा माणूस, पण हे एक वाक्य त्याच्या जिभेवर येत नव्हतं. आचलनेच त्याची सुटका केली.

"खोटं नाई सांगत," ती म्हणाली. "एका रात्री वाटलं होतं, की उद्या सकाळ नाई झाली तर बरं. मंग सकाळ झाली. तुमी बाहेर दूधवाल्यासंग भांडून राह्यले होते. 'म्हशीले पाणी पाज, दुधाले कायले पाजतं' म्हणत होते. मले हसू आलं. पांघरुणात हसली मी. त्यानंतर नाई वाटलं तसं."

हेमराजचे डोळे भरून आले. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं काऊन नाई?"

त्याने कडी काढली, कुलूप लावलं, रात्री उठून दाराशी कान लावला होता. पोरीला समोर बसवून विचारणं मात्र राहून गेलं होतं.

"आता विचारत जाईन," तो म्हणाला. "रोज विचारीन."

"रोज नको हो बाबा. अधूनमधून विचारा. अन् कडी लावून द्या."

"घरी गेल्या गेल्या लावतो. पण तसं पुन्हा वाटलं तर मले उठवशीन? कितीबी वाजता?"

"उठवीन."

"आईची आण?"

"आईची कायले, तुमचीच घ्या." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग ओढणीने त्याच्या तोंडावरची माती पुसली.

तानबा मघापासून वळणावर टट्टू धरून उभा होता. दोघं उठलेले पाहून तो पुढे आला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "चला, शिदोरी सोडू." ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी आणि ठेचा. हेमराजने त्या दिवशी दोन माणसांचं जेवण केलं असतं. पण तिसरा घास तोंडात असतानाच मैनाचे कान उभे राहिले.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, झाडांमध्ये लपलेलं पिंपळझरी नावाचं लहानसं गाव. तिथून वाऱ्यासोबत आवाज आला. आधी ताशा, मग सनई. तारीख चांगली होती. लग्न काही एका आचलचंच धरलं नव्हतं त्या दिवशी.

तानबाचा चेहरा बदलला. "लगाम धरा!" तो ओरडला, पण मैनाचा लगाम कुणीच धरला नव्हता. घोडी उताराकडे निघालीसुद्धा. हेमराजला काय वाटलं कोणास ठाऊक, कदाचित पोरीसमोर एकदा पडलो तेवढं पुरे असं असेल; तो हातातली भाकर टाकून धावला, रस्त्यात आलेल्या दगडावर चढला आणि मैनाच्या पाठीवर झेपावला. बसला, पण थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. मैना त्याला घेऊन थेट गावात शिरली.

मारुतीच्या पाराजवळ बँडवाले घोळक्याने उभे होते. नवरदेव फेटा बांधून, कंटाळून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला. मैना बँडपुढे आली, पुढचे दोन्ही पाय उचलले आणि नाचायला लागली. वर हेमराज: बाही फाटलेली, कोपराला फुलाफुलांचा रुमाल, दोन्ही हातांनी घोडीच्या आयाळीला लटकलेला.

"घोडी आली! घोडी आली!" पोरंसोरं ओरडली. बँडवाल्यांना वाटलं, आपल्यासाठीच आली. त्यांनी जोर चढवला. जसा बँड चढला तशी मैना चढली. "अरे थांबा! बंद करा!" हेमराज ओरडत होता, आणि एक म्हातारी त्याच्यावर तांदूळ टाकत होती.

आचल आणि तानबा मागोमाग पोचले. तानबाने धावत जाऊन लगाम धरला. आचल कोयलवरच बसून होती. आधी तिने तोंडावर ओढणी धरली. मग ओढणी सुटली आणि ती मोठ्याने, लहानपणी हसायची तशी, पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते नुसतं हसण्याचं पाणी राहिलं नाही. तिने मान फिरवली. हेमराजने घोडीवरून ते सगळं पाहिलं.

गर्दीतून एक माणूस हात जोडत आला. नवरीचा बाप, बबनराव. त्यांनी ठरवलेली घोडी रस्त्यातच लंगडी झाली होती. दुसरी मिळत नव्हती. वऱ्हाडी अडून बसले होते की घोडीशिवाय मिरवणूक निघणार नाही, आणि मुहूर्त जवळ येत होता.

"घंटाभर द्या," बबनराव तानबाला म्हणाले. "पारापासून मांडवापर्यंत. बस्स."

"घोडी आज माही नाई जी," तानबा म्हणाला. "आजचा दिवस या पोरीचा आहे."

हेमराज कसाबसा खाली उतरला. "नाई," तो पटकन म्हणाला. "आमाले पुढं जाचं आहे. चाल आचल." आजच्या दिवशी, याच घोडीवर, दुसऱ्या कुणाचा नवरदेव तिला पाहावा लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

आचल घोडीवरून उतरली. "नवरी कुठी आहे?" तिने बबनरावांना विचारलं.

"घरात. वर्षाली. काऊन बाई?"

"दोन शब्द बोलतो तिच्यासंग. मंग सांगतो."

बबनराव गोंधळले, पण बायकांनी तिला आत नेलं. बाहेर हेमराज घामेजून उभा राहिला. कुणीतरी त्याला पाणी दिलं, कुणीतरी बसायला खुर्ची. बबनराव त्याच्या शेजारी उभे, दाराकडे नजर लावून. दोन बाप, एकमेकांची ओळख नसलेले, एकाच दाराकडे बघत होते.

आचल बाहेर आली ती कपाळाला हळद-कुंकू लावून. "न्या घोडी," ती म्हणाली.

वरात निघाली. तानबाने लगाम धरला आणि मैना अशी नाचली की वऱ्हाडी भांडण विसरले. आचल नवरीकडच्या बायकांत जाऊन उभी राहिली. मंगलाष्टकं झाली तेव्हा तिने मूठभर तांदूळ टाकले, आणि हेमराजनेही, तिच्या शेजारी उभं राहून. ती रडली नाही. त्यालाच नाक पुसावं लागलं.

जेवल्याशिवाय सोडतील ते बबनराव कसले. पंगतीत आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. बबनराव स्वतः वाढायला आले आणि हेमराजच्या पानात बुंदीचा ढीग घातला. निघताना वर्षाली, हिरव्या चुड्याचे हात सावरत, दारापर्यंत आली आणि आचलला म्हणाली, "ताई, येजो कधी." आचल हो म्हणाली.

उन्हं कलल्यावर ते परतीला लागले. हेमराजच्या मांड्यांनी संप पुकारला होता, म्हणून तो पायीच चालत होता. आचल आता मैनावर बसली होती. तानबा टट्टूवर बसून, कोयलला सोबत घेऊन पुढे गेला होता.

"काय विचारलं होतं तू त्या पोरीले?" बराच वेळ मनात घोळवलेला प्रश्न हेमराजने शेवटी काढला.

"मुलगा फोन करते काय, विचारलं. म्हणे, रोज करते. जेवली का विचारते, अन् शेतातल्या गोष्टी सांगत बसते, मले झोप येते ऐकता ऐकता. मंग म्हटलं, ठीक आहे." ती जरा थांबली. "माह्या वाल्याचा फोन कधीचाच बंद झालता, बाबा. तुमी पत्रिका वाटून राह्यले होते. मले वाटलं, लग्न झालं की बोलन."

हेमराज चालत राहिला. सांगायचं होतंस, असं म्हणणार होता, पण त्याने ते गिळलं. त्याऐवजी विचारलं, "कसा होता तो? खरंच सांग. मी तर दोनदाच भेटलो."

"चांगला होता," आचल म्हणाली. "वाईट असता तर सोपं गेलं असतं."

मग ती सांगत गेली. तो ऐकत गेला. मधे बोलला नाही, सल्ला दिला नाही, फक्त खडा आला की घोडीचा लगाम जरा ओढून बाजूने घ्यायचा. पळसाखालून जाताना तिने एक फांदी वाकवली आणि बोलता बोलता फुलं तोडून ओढणीत टाकली. सोमवारपासून कामावर जाते, असंही मधेच म्हणाली, जणू ते आधीच ठरलेलं होतं.

हिंगणीची घरं दिसायला लागली तेव्हा मोबाइलला सिग्नल आला आणि फोन वाजला. सुलोचनाचा.

"कुठी आहे तुमी? सकाळपासून लावून राह्यली! पोरगी कशी आहे? जेवाले काय करू?"

"काही करू नको," हेमराज म्हणाला. "आमी लग्नात जेवलो."

पलीकडून कापऱ्या आवाजात प्रश्न आला, "कोणाच्या लग्नात?"

"बबनरावाच्या पोरीच्या."

"कोण बबनराव?"

हेमराजने वर पाहिलं. आचलने हात पुढे केला आणि फोन घेतला. "आई, थांब, मी सांगतो तुले," ती म्हणाली, आणि घोडीवर बसल्या बसल्या सांगायला लागली, पार संत्र्याच्या बगिच्यापासून. मैना ठुमकत उतार उतरत होती. हेमराज तिच्या मानेवर हात ठेवून लंगडत चालला होता, आणि मधेमधे खालून ओरडत होता, "तिले सांग, मी नाई नाचलो! घोडी नाचली!"